अभिप्राय वही

हिंगण्याच्या पुढे, जिथे शहर बस वळून परत जाते,
तिथून अर्धा किलोमीटर चालत.
फाटकावर बोगनवेल, फाटकाला कुलूप,
कुलपाच्या आत माझा दर रविवार.

दिगंबर एकोणपन्नासचा. माझ्याहून मोठा की लहान,
हे आमच्या घरात कधी ठरलंच नाही.

आज त्याच्या अंगात दुसऱ्याचा शर्ट.
कॉलरच्या आत मार्करने १७.
दिगंबरचा आकडा २३.
ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, धुतलेला आहे, ताई.
होता. इस्त्रीसुद्धा होती.
परक्या घरात अंधारात बटण शोधावं
तशी तो दिवसभर कॉलर चाचपत होता.

मागच्या महिन्यात तपासणी झाली.
त्या दिवशी पलंगांवर निळ्या चादरी,
ताटात शिरा, भिंतीवर हक्कांची पाटी.
साहेबांनी खोल्या मोजल्या, संडास मोजले,
माणशी किती चौरस फूट ते मोजलं,
आणि शेरा मारला :
खोली क्र. चारमधील कूलर
फार आवाज करतो. दुरुस्त करावा.

केला. लगेच केला, हे मान्य करायला हवं.
नवी मोटर, नवं पातं, नवा वाळा.
पुढच्या नऊ रात्री दिगंबर झोपला नाही.

हे वहीत नाही.
हे मला ललिता कुमरेनं सांगितलं,
रात्रपाळीची, दोन महिन्यांचा पगार थकलेली,
नळाखाली बादली भरता भरता :
'ताई, तुमच्या घरी माग होता का जी?'

होता. पाचपावलीत, पुढच्याच खोलीत.
बाबा धोटा फेकायचे, आई कांड्या भरायची,
आणि मागाला लागून दिगंबरची खाट.
शाळेनं परत पाठवला तेव्हा
बाबांनी त्याच्यापुढे सूत ओतलं :
मोरपंखी इकडे, कुंकवी तिकडे.
एकदाही चुकला नाही.
खटक-खट, खटक-खट,
त्या आवाजात तो एकवीस वर्षं झोपला.

इथला अर्ज मीच भरला होता.
औषधं लिहिली, रक्तगट लिहिला, आधार क्रमांक,
फिट शेवटची कधी आली ती तारीख.
आवाज लिहिला नाही.
तसा रकाना नव्हता. असता तरी
मला सुचलं असतं का, कोण जाणे.

ललितानं ओळखलं होतं.
डिसेंबरातही ती तो कूलर लावायची,
पाणी न टाकता, तोंड भिंतीकडे करून,
आणि विजेच्या बिलावरून बोलणी खायची.
आता गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून
तिनं जाळीतून पात्याशी अडकवला आहे.
'तीन जागी लावून पाह्यला जी.
चौथ्या जागी त्यानं डोळे मिटले.'

पाच वाजता वही समोर येते,
सुतळीनं बांधलेला पेन.
स्वच्छता, भोजन, कर्मचाऱ्यांची वागणूक.
पुठ्ठ्याचं लिहिलं तर ललिताची नोकरी जाईल.
नाही लिहिलं तर कुणीतरी
पुन्हा एकदा कूलर दुरुस्त करेल,
मनापासून, चांगल्याच हेतूनं.
पेन हातात धरून मी बराच वेळ उभी.
मग एकच ओळ :
खोली चारमधील कूलरबाबत तक्रार नाही.
खाली सही, सौ. निमजे.

निघताना विचारलं, सतरा नंबर कोण?
ऑफिसला नाव सांगायला रजिस्टर उघडावं लागलं.
दिगंबरला नाही लागलं.
हात धरून तो मला व्हरांड्यात घेऊन गेला,
कोपऱ्यात बसलेल्या एका पोराच्या
पाठीवर तळवा ठेवला,
म्हणाला, 'उमेस.'

उमेशच्या अंगात २३.
तोही कॉलर चाचपत होता.